१० मीटर एअर रायफल: ग्रुप गोल न येता उभाच का फाटतो?

लक्षण नेहमी सारखंच असतं. डावं-उजवं जागच्या जागी, पण शॉट खालीवर. एक १०.६, पुढचा बाराला (घड्याळातल्या बाराच्या जागी, म्हणजे वर) ९.८, त्यानंतरचा सहाला (खाली) ९.९. दहा शॉट एकत्र पाहिले तर ग्रुप भाकरीसारखा गोल दिसायच्या ऐवजी काकडीसारखा उभा दिसतो. रुंदी दीड-दोन मिलिमीटर, उंची पाच-साडेपाच. नेमबाज साइटच्या नॉबला दोन क्लिक खाली देतो, पुढचा शॉट सहाला जातो, मग दोन क्लिक वर. सिरीज संपेपर्यंत नॉब फिरत राहतो आणि मूळ दोष शोधायचा राहूनच जातो.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. ग्रुप उभा असेल तर डायॉप्टरला (डोळ्याजवळच्या मागच्या साइटला) हात लावायचा नाही. क्लिकने ग्रुपची जागा बदलते, आकार बदलत नाही.

कोल्हापुरात रायफल म्हटलं की तेजस्विनी सावंत (म्युनिकची विश्वस्पर्धा, २०१०) आणि स्वप्नील कुसाळे (पॅरिस ऑलिंपिक, २०२४) ही नावं आधी येतात. दोघांची ती पदकं ५० मीटरची, पॉइंट टू टू काडतुसाची. तिथं वारा असतो, काडतुसाच्या लॉटचा प्रश्न असतो. १० मीटरला वारा नाही, धक्काही नावापुरता. त्यामुळे शॉट खालीवर जाण्याची कारणं मोजकीच उरतात आणि ती एकेक करून पकडता येतात. दुधाळीच्या रेंजवर सराव करा किंवा घरात दहा मीटरची लेन आखून करा, पद्धत तीच.

आधी मिलिमीटरचा हिशेब

रायफलच्या टार्गेटवर १० ची रिंग अर्ध्या मिलिमीटरची आहे आणि पेलेट साडेचार मिलिमीटरचं. पेलेटची कड त्या ठिपक्याला टेकली की १०.०. म्हणजे पेलेटचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून २.५ मिमीच्या आत असेल तर दहा. तिथून आत प्रत्येक ०.२५ मिमीला एक दशांश वाढतो. १०.५ हवा असेल तर केंद्र १.२५ मिमीच्या आत हवं.

आता हवेचा भाग. मॅच रायफल म्हणजे सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणारी स्पर्धेची रायफल; तिच्या पेलेटचा वेग साधारण १७० ते १७५ मीटर प्रतिसेकंद असतो. पेलेटला कागदापर्यंत पोचायला ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ते नळीच्या रेषेपासून सुमारे १७ मिमी खाली येतं. वेग एक टक्का कमी झाला (म्हणजे पावणेदोन मीटर प्रतिसेकंद) तर पेलेट ०.३५ मिमी जास्त खाली येतं. वेग ५ मीटरने पडला तर पूर्ण एक मिलिमीटर, म्हणजे चार दशांश. वेगातला फरक आडवा दिसत नाही, फक्त उभा दिसतो. उभा ग्रुप दिसला की पहिला संशय हवेवर आणि पेलेटवर जातो तो यासाठी.

दुसरा आकडा साइटचा. फोरसाइट (नळीच्या टोकाजवळची पुढची साइट) आणि डायॉप्टर यांच्यात साधारण ८० सेंटिमीटर अंतर असतं. डायॉप्टर रेलवर (ज्या पट्टीवर तो बसतो तिच्यावर) ०.१ मिमी हलला तर १० मीटरवर शॉट १.२५ मिमी हलतो. पाच दशांश गेले! ०.१ मिमी म्हणजे वहीच्या पानाची जाडी. स्क्रू ‘थोडासा’ ढिला असणं किती महागात पडतं ते इथं कळतं.

ग्रुप पाहू नका, क्रम वाचा

बहुतेक जण शेवटी उरलेला ग्रुप पाहतात आणि तिथेच फसतात. पंधरा शॉट कोणत्या क्रमाने कुठे गेले हे नीट लिहून काढलं तर निम्मं निदान बसल्या जागी होतं. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर क्रमांक आपोआप मिळतात. कागद असेल तर प्रत्येक शॉटनंतर दुर्बिणीतून पाहून वहीत ‘वर’, ‘मध्ये’, ‘खाली’ आणि अंदाजे दशांश लिहा. सोबत वेळही लिहा, कारण दोन शॉटमधला विराम हा मोठा पुरावा असतो.

क्रमातून चार चित्रं निघतात.

शॉट एकामागून एक पायऱ्यांसारखे खाली उतरत गेले, तर सिलिंडरचा दाब संपत आलाय.

विश्रांतीनंतरचा पहिला शॉट वेगळा पडतो (बहुधा वर) आणि पुढचे सगळे एकत्र बसतात, तर रेग्युलेटरचा (दर शॉटला सारखा दाब पुरवणाऱ्या भागाचा) दाब थांबलेल्या वेळात हळूहळू चढतोय. मात्र हेच चित्र नेमबाजामुळेही येतं, कारण विश्रांतीनंतर रायफल खांद्याला नव्याने लागते. दोन्हीत फरक कसा करायचा ते पुढे आहे.

दोन वेगळे पुंजके, एक वर आणि एक खाली, मध्ये मोकळं. असं असेल तर काहीतरी दोनच जागांमध्ये उडी मारतंय. ढिली साइट, स्टॉकचा (दस्त्याचा) ढिला स्क्रू, नाहीतर गाल दोन वेगवेगळ्या जागी टेकतोय.

काहीच क्रम नाही, वर-खाली-वर-मध्ये असं विस्कळीत, तर पेलेट, श्वास किंवा व्हॉल्व्ह.

रायफल की नेमबाज

हे ठरवल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. क्लबमध्ये रायफल पकडायचा व्हाइस असेल तर उत्तम. नसेल तर टेबल, खुर्ची आणि दोन वाळूच्या पिशव्या पुरतात. पिशवी जुन्या जीन्सच्या पायाची शिवा आणि धुतलेल्या कोरड्या वाळूने तीन चतुर्थांश भरा. गच्च भरलेली पिशवी रायफलला उसळी देते.

पुढची पिशवी स्टॉकच्या पुढच्या भागाखाली ठेवा आणि पिशवीची जागा स्टॉकवर चिकटपट्टीने खूण करून दर वेळी तीच ठेवा. नळी किंवा सिलिंडर पिशवीला टेकवायचा नाही, कारण टेकला की शॉट वर उडतो आणि चाचणीच खोटी ठरते. मागची पिशवी बटखाली (खांद्याला टेकणाऱ्या टोकाखाली). गाल हलकाच टेकवा, खांद्याचा जोर देऊ नका.

दर टार्गेटवर पाच शॉट, अशी पाच टार्गेटं. फक्त पाच शॉटवरून निष्कर्ष काढू नका, पाच शॉट नशिबानेही छान पडतात. प्रत्येक टार्गेटवर भोकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत उंची आणि रुंदी व्हर्नियरने मोजा आणि दोन्हीतून ४.५ वजा करा. निरोगी मॅच रायफल योग्य पेलेटने कडेपासून कडेपर्यंत ६ मिमीच्या आत बसते, म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंत दीड मिलिमीटर. उंची आणि रुंदी जवळपास सारखी आली तर रायफल निर्दोष आहे, खाली नेमबाजाच्या भागाकडे जा. पिशवीवरही उंची रुंदीच्या दीडपट किंवा जास्त आली तर दोष रायफल, पेलेट किंवा हवेत आहे.

याच चाचणीत रेग्युलेटरचाही निकाल लावून घ्या. वेगळ्या टार्गेटवर एक शॉट मारा, दहा मिनिटं थांबा, रायफल पिशवीवरून हलवू नका, पुन्हा एक शॉट. असे पाच. मग दुसऱ्या टार्गेटवर तीस-तीस सेकंदांनी पाच शॉट. दोन ग्रुपचे मध्यबिंदू उंचीत एक मिलिमीटरपेक्षा जास्त वेगळे असतील तर दाब चढतोय. नेमबाज या चाचणीत नसल्यामुळे शंकेला जागा उरत नाही.

क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजणारं यंत्र) कुणाकडून मिळत असेल तर दहा शॉटचे वेग लिहून घ्या. सगळ्यात जलद आणि सगळ्यात संथ शॉटमध्ये ३ मीटर प्रतिसेकंदाच्या आत फरक असेल तर हवेचा भाग ठीक. ६-७ मीटरचा फरक दिसला तर तुमची काकडी तिथेच पिकतेय.

स्क्रू

हा भाग पाच मिनिटांचा आहे, म्हणूनच लोक तो सोडून देतात. डायॉप्टरचा रेलवरचा क्लॅम्प, फोरसाइट टनेलचा स्क्रू, स्टॉक आणि अ‍ॅक्शन (नळी-बोल्टचा भाग) जोडणारे स्क्रू, चीक पीसचे (गाल टेकतो त्या तुकड्याचे), बट प्लेटचे. हे सगळे तपासा. डायॉप्टर तपासायला तो बोटांनी धरून हलवून बघू नका, एवढा सूक्ष्म ढिलेपणा बोटाला कळत नाही. क्लॅम्प आणि रेलच्या सांध्यावर पेन्सिलने एक बारीक रेघ मारा, पन्नास शॉट झाल्यावर रेघ तुटलीय का पाहा. स्टॉक स्क्रूचा टॉर्क (किती जोराने आवळायचा ते) मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. छोटा टॉर्क स्क्रूड्रायव्हर कोल्हापूरच्या उद्यमनगरात हार्डवेअरच्या दुकानात मागितला तर मिळतो, आणि पाच-सात जणांनी मिळून एक घेतला तरी चालतो. रायफलचे स्क्रू अंदाजाने आवळणं मला मान्य नाही. आज जास्त आवळला, उद्या कमी, की झीरो (साइटची बसवलेली जागा) हलला.

उद्यमनगरातले लेथवाले हाताचे पक्के आहेत यात वाद नाही, पण नळीचं तोंड ‘जरा साफ करून’ घ्यायला त्यांच्याकडे नेऊ नका. तोंडाची धार एका बाजूला केसभर जास्त निघाली तर हवा पेलेटच्या मागून एकसारखी सुटत नाही, आणि ती नळी मग ग्रुप देत नाही. तोंडावर ओरखडा आहे का ते भिंगातून पाहा, असेल तर कंपनीकडे पाठवा.

पेलेट

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात आणि सगळ्यात जास्त दशांश परतही मिळतात.

आरडब्ल्यूएस आर टेन, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी मॅच, नाव कोणतंही असो, डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. शतांश मिलिमीटरचा हा फरक नळी ओळखते. एका रायफलला ४.४९ गोड लागतो, त्याच मॉडेलच्या शेजारच्या रायफलला ४.५०. दुसऱ्याच्या रायफलला चांगलं बसणारं पेलेट आपल्यालाही बसेल असं धरून चालू नका. तीन व्यासांचा एकेक डबा घ्या, पिशवीवरून प्रत्येकाचे पंचवीस शॉट मारा. एका व्यासाकडून दुसऱ्याकडे जाताना पहिले दहा शॉट मोजू नका, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो, नवीन पेलेट बसायला तेवढे लागतात. जिंकलेल्या डब्यामागचा बॅच नंबर लिहून ठेवा आणि त्याच बॅचचे वर्षभराचे डबे एकदम घ्या. नाव तेच, व्यास तोच, पण बॅच बदलली की चाचणी पुन्हा.

आता वजन. पेलेट वजन करून वेगळे करण्याची हौस बऱ्याच जणांना असते. मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा काटा गुजरीतल्या सराफाकडे पाहायला मिळतो, आणि तसलाच छोटा काटा विकतही मिळतो. पण हिशेब पाहा. मॅच पेलेट ०.५३ ग्रॅमचं, म्हणजे ५३० मिलिग्रॅमचं. ५ मिलिग्रॅम जड पेलेटचा वेग अर्धा टक्का घटतो आणि कागदावर फरक पडतो ०.१७ मिमी. एक दशांशही नाही. चांगल्या बॅचमध्ये डब्यातली बहुतेक पेलेट याहून कमी फरकात असतात. वजनापेक्षा स्कर्ट पाहा.

स्कर्ट म्हणजे पेलेटची मागची पातळ पोकळ कड. नळीत हवा अडवते ती हीच कड. डबा एकदा हातातून पडला की आतल्या बऱ्याच पेलेटच्या कडा दबतात. काचेवर किंवा आरशाच्या तुकड्यावर पेलेट आडवं ठेवून हळूच ढकला. निरोगी पेलेट एकसारखं वर्तुळात घरंगळतं. दबलेलं एका जागी अडखळतं किंवा डुलतं. त्याच्या कडेवर तिरपा प्रकाश पाडला की एक चपटी, जास्त चकाकणारी जागा दिसते, तांदळाच्या कणीएवढी. ते पेलेट बाजूला. अशा पेलेटच्या कडेतून हवा एका बाजूने जास्त सुटते आणि वेग घटतो. रायफल निर्दोष, श्वास निर्दोष, तरी शॉट सहाला ९.६, त्याचं कारण बऱ्याचदा ही कणी असते.

पेलेट नळीत ढकलताना अंगठ्याचा जोरही रोज सारखा हवा. एक पेलेट कडेला टेकलेलं आणि दुसरं दोन मिलिमीटर आत, असं झालं की वेगात फरक येतो. बोल्ट बंद करण्याआधी पेलेट सरळ बसलंय का हे पाहण्याची सवय लावा.

पावसाळ्यात शिशावर पांढरी पूड येते. जुलैमध्ये उघडा राहिलेला डबा आठवडाभरात फिकट होतो. पूड आलेली पेलेट स्पर्धेत वापरू नका, पुसूनही नको. डबा झिप पिशवीत, आत सिलिका जेलची पुडी. आणि शिसं हाताळलं की जेवणाआधी हात साबणाने धुवा, लहान मुलं सराव करत असतील तर याकडे मोठ्यांनीच लक्ष द्यायचं.

नळी साफ करायची ती फेल्टच्या बोळ्यांनी, पाचशे ते हजार शॉटनंतर. ब्रीचच्या (पेलेट भरायच्या) बाजूने दोन-तीन कोरडे बोळे काढले की पुरे. पितळी ब्रश आणि घरातलं मशीन ऑइल नको. साफसफाईनंतर पहिले दहा-पंधरा शॉट हिंडतात, म्हणून सामन्याच्या आदल्या रात्री नळी साफ करत बसू नका.

हवा

सिलिंडर भरला तेव्हा गेज २०० बार दाखवत होतं आणि रात्री घरी पाहिलं तर १८७. गळती समजून लोक रबरी ओ-रिंग बदलतात. बहुतेक वेळा गळती नसतेच. झपाट्याने भरताना हवा तापते. सिलिंडर ४५ अंशांवर गेला आणि नंतर २५ वर आला तर दाब सहा टक्क्यांनी उतरतो. २०० चे १८७ होतात ते असे. हळू भरा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा टॉप करा. पुढच्या दोन दिवसांतही गेज उतरत राहिलं तरच गळतीचा संशय घ्या.

रायफलचा रेग्युलेटर सिलिंडरमधला दाब कमी करून प्रत्येक शॉटला सारखाच दाब पुरवतो. सिलिंडर त्या पातळीजवळ आला, बऱ्याच मॉडेलमध्ये ७० बारच्या आसपास, की रेग्युलेटरच्या हातात काही उरत नाही आणि प्रत्येक शॉट आधीच्यापेक्षा हळू जातो. पायऱ्या उतरणारा ग्रुप तो हाच. आपल्या रायफलीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. ६० शॉट आणि सायटर (सुरुवातीचे न मोजले जाणारे सरावाचे शॉट) मिळून ९० धरले तर साधारण ४० बार खर्च होतात. म्हणून १२० बारच्या खाली असलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेच्या लेनवर उभं राहू नका. सायटरला सगळं छान दिसतं आणि पन्नासाव्या शॉटनंतर सहाला ९.७ सुरू होतात. तोपर्यंत नेमबाजाला वाटतं आपण दमलो.

हातपंपाने भरत असाल तर पावसाळ्यात विशेष काळजी घ्या. जून ते सप्टेंबर हवेत पाणी भरपूर असतं आणि ती हवा २०० बारला दाबली की पाणी सुटतं. ते सिलिंडरमध्ये गेलं तर पुढे रेग्युलेटरच्या सीलवर पोचतं, सील नीट बसत नाही आणि दाब शॉटगणिक बदलतो. पंपाला सिलिका जेलचा ड्रायर लावा, जेलचा रंग बदलला की मंद आचेवर कोरड्या तव्यात सुकवा. दर ५० पंपांनंतर दहा मिनिटं थांबा आणि ब्लीड स्क्रू उघडून साठलेलं पाणी सोडून द्या. शक्य असेल तर पावसाळ्याचे चार महिने फिल्टर असलेल्या कॉम्प्रेसरवरूनच भरून घ्या.

यापुढचं वाक्य वाचून विसरू नका. वेल्डिंगच्या ऑक्सिजन सिलिंडरवरून एअर रायफलचा सिलिंडर कधीही भरायचा नाही. कोल्हापुरात वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत, दाबही भरपूर असतो, अ‍ॅडॉप्टर बनवून देणारेही भेटतात. पण आत ग्रीसचा अंश आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आला की स्फोट होतो. भरायच्या तोंडाला तेलही लावू नका, लागलंच तर फक्त सिलिकॉन ग्रीस. सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहा. बनवल्यापासून दहा वर्षं झालेला सिलिंडर निवृत्त करा, तो स्पर्धेत चालत नाही आणि घरीही चालवू नये.

रायफल ठीक असेल तर

पिशवीवर ग्रुप गोल, उभं राहिलं की काकडी. मग प्रश्न श्वास, शरीराची नैसर्गिक दिशा आणि खांदा-गाल यांच्यात आहे.

श्वास सगळ्यात आधी. रायफल वरून खाली काळ्यावर (टार्गेटच्या मधल्या काळ्या वर्तुळावर) आणायची. श्वास सोडत सोडत फोरसाइटची रिंग काळ्यावर येते आणि श्वास संपतो तिथेच ती थांबायला हवी. ज्यांचा शॉट कधी अर्धा श्वास आत असताना सुटतो आणि कधी फुप्फुसं पूर्ण रिकामी झाल्यावर, त्यांचा ग्रुप उभा फाटणारच, कारण छातीच्या उंचीबरोबर रायफल वरखाली होते. श्वास दर वेळी एकाच पातळीला थांबवा, पूर्ण रिकामं करू नका. शॉट पाच ते आठ सेकंदांत सुटायला हवा. दहा सेकंद झाली तर रायफल खाली घ्या. तोपर्यंत डोळ्यात जुनं चित्र गोठलेलं असतं. नेमबाजाला रिंग मध्ये दिसते आणि शॉट भलतीकडेच जातो.

ड्राय फायरमध्ये (पेलेट न घालता नुसता ट्रिगर दाबून) हे तपासता येतं. मित्राला शेजारी उभं करा, त्याने फक्त तुमचं पोट पाहायचं आणि ट्रिगर वाजला त्या क्षणी ‘हलतंय’ किंवा ‘थांबलंय’ एवढंच सांगायचं. वीस ड्राय शॉटमध्ये पाच वेळा ‘हलतंय’ आलं तर कारण सापडलं.

नंतर एनपीए, म्हणजे शरीराची नैसर्गिक दिशा. रायफल खांद्याला लावा, नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. रिंग काळ्याच्या वर किंवा खाली दिसली तर शरीर रायफलला दुसरीकडेच ठेवू पाहतंय आणि तुम्ही दंडाच्या ताकदीने ती काळ्यावर ओढून आणताय. ओढलेली रायफल ट्रिगर सुटताच आपल्या जागी परतू पाहते, शॉटही तिकडेच जातो. आडवा फरक पायांनी सुधारतात. उभा फरक पायांनी सुधारायचा प्रयत्न करू नका. तोंड खाली पडत असेल तर डावा हात थोडा मागे, शरीराकडे घ्या म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग जास्त उभा होतो आणि रायफल वर येते. किंवा बट प्लेट रायफलवर एक मिलिमीटर वर सरकवा. खांदा तिथेच राहतो, रायफलची मागची बाजू खाली जाते, तोंड वर येतं. एका वेळी एकच बदल, आणि बदलाआधीची जागा मार्करने खुणावून ठेवा. डाव्या कोपराचा आधार कमरेच्या हाडावर हवा. कोपर हाडावरून पोटाच्या मऊ भागावर सरकला की प्रत्येक श्वासाला रायफल डुलते.

बट प्लेट खांद्यावर दर शॉटला वेगळ्या उंचीवर लागत असेल तर दोन पुंजके दिसतात. जॅकेटच्या खांद्यावर जिथे बट प्लेटचा खालचा हुक बसतो तिथे एक खूण करा आणि दर वेळी हाताने चाचपून बसवा. गालाचंही तसंच. गाल चीक पीसवर डोक्याच्या वजनाने टेकायला हवा. मान वाकवून डोळा डायॉप्टरकडे नेत असाल तर चीक पीस वर घ्या, मान सरळ ठेवा.

पावसाळ्यात जॅकेट आणि ट्राऊझर ओल धरतात आणि मऊ पडतात. जानेवारीत ताठ बसणारं जॅकेट जुलैत कमरेशी दुमडतं, कोपराची जागा दोन बोटं खाली येते आणि ग्रुप उभा होतो. रायफल तीच, पेलेट तीच, माणूस तोच. जॅकेट बॅगेत कोंबून ठेवू नका, रुंद हँगरवर पंख्याखाली टांगा, उन्हात नको. पट्टा एक भोक घट्ट करून पाहा.

फोरसाइटची रिंग लहान असणं हा मुलामुलींमधला नेहमीचा दोष. काळं वर्तुळ ३०.५ मिमीचं आहे, फोरसाइटपाशी ते सुमारे २.७ मिमीचं दिसतं. ३.४ ची रिंग लावली तर भोवती जेमतेम ०.३५ मिमी पांढरं उरतं. मग नेमबाज ते पांढरं चहूकडे सारखं करण्यात अडकतो, वेळ दहा सेकंदांच्या पुढे जातो, श्वास संपतो. ४.० ते ४.४ लावा. होल्ड (नेम धरताना रिंगचं हलणं) मोठा दिसेल, घाबरू नका, शॉट वेळेत सुटेल.

उजेड पाहा. टार्गेटवर किमान १५०० लक्स हवेत, मोबाइलवरच्या लक्स मीटरने अंदाज येतो. आणि घरच्या लेनवर कागदी टार्गेट दोऱ्याला टांगलेलं असेल तर पंखा बंद करा. वरचा पंखा कागदाचा खालचा काठ पुढे-मागे हलवतो, सगळा दोष रायफलीला लागतो.

कँटचा (रायफल बाजूला कलण्याचा) संशय उभ्या ग्रुपसाठी घेऊ नका. रायफल पाच अंश तिरकी झाली तर शॉट सुमारे दीड मिलिमीटर बाजूला जातो, उंचीत फरक नगण्य. ट्रिगर झटक्याने ओढला गेला तर शॉट बहुधा तिरका जातो, निव्वळ उभा नाही.

पिशवीवरच्या चाचणीत दोष रेग्युलेटरचा किंवा व्हॉल्व्हचा ठरला तर तो घरी उघडू नका. आत दाब असतो आणि सील बसवायला कंपनीची अवजारं लागतात. सर्व्हिसला पाठवताना ‘ग्रुप नीट येत नाही’ एवढीच चिठ्ठी लावलीत तर रायफल नुसती पुसून परत येण्याची शक्यता जास्त. सोबत तीन गोष्टी द्या: क्रमांक टाकलेली पिशवीवरची पाच टार्गेटं, दहा-दहा मिनिटांच्या विरामाचं टार्गेट, आणि असतील तर क्रोनोग्राफचे दहा वेग सिलिंडरच्या दाबासह. सिलिंडर काढून, बॅरल प्लग लावून, डायॉप्टर वेगळ्या डब्यात ठेवून पाठवा.